निशाण पडू नये, आणि मूलही पडू नये
अमेरिकेतील हायस्कुलांच्या 'कलर गार्ड' पथकांची शिस्त, आणि ती वाचताना पालकांनी ध्यानी घ्यायच्या गोष्टी

शाळेच्या पथकात मुलाची निवड झाली की घरात आनंद होतो. लेझीम असो, कवायत असो, बँड असो की २६ जानेवारीचे संचलन असो, आई मुलाचा गणवेश स्वतः इस्त्री करते आणि बाप एक दिवसाचा खाडा करून मैदानाच्या कडेला उभा राहतो. आपले मूल रांगेत ताठ उभे आहे, त्याचे पाऊल इतरांच्या पावलाबरोबर पडते आहे, हे पाहण्यासारखे दुसरे सुख नाही. पण पथकात घेतल्यावर मुलाकडून नेमके काय मागितले जाते, कोणता नियम त्याच्या भल्याचा आहे आणि कोणता नुसता धाक आहे, याचा विचार आपण पालक फारसा करीत नाही. 'शाळेने सांगितले ना, मग झाले' असे म्हणून मोकळे होतो.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी या खेपेस आम्ही दूरचे एक उदाहरण घेत आहोत. अमेरिकेतील हायस्कुलांमध्ये 'कलर गार्ड' नावाची पथके असतात. आपल्याकडून तिकडे नोकरीनिमित्त गेलेल्या कुटुंबांतील मुलींच्या पत्रांतून वा फोटोंतून हा शब्द काही वाचकांच्या कानांवरून गेला असेल. या पथकांचे नियम लेखी असतात आणि मूल व पालक दोघांच्या सह्या घेऊन ते हाती दिले जातात. त्या नियमांत घेण्यासारखे पुष्कळ आहे. प्रश्न विचारण्यासारखेही आहे, आणि ते प्रश्न तिथल्या पालकांनी थेट न्यायालयात नेले आहेत. म्हणून हा विषय.

कलर गार्ड म्हणजे काय?

सैन्याच्या भाषेत 'कलर' म्हणजे पलटणीचे निशाण. त्या निशाणाचे रक्षण करणारी तुकडी ती कलर गार्ड. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी ढोल आणि बिगुलांची पथके उभी केली. त्या पथकांच्या पुढे निशाण घेऊन चालणारी मुले असत. त्या वेळी काम एवढेच, की निशाण सरळ धरायचे, पाऊल चुकवायचे नाही आणि सलामी द्यायची.

पुढे त्यात बदल होत गेला. निशाणे फिरू लागली, मग हवेत उडू लागली. १९७१ साली ढोल-बिगूल पथकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९७२ पासून तिच्या स्पर्धा सुरू झाल्या. हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जातात, तेव्हा बंद सभागृहात कला दाखविता यावी म्हणून १९७७ साली 'विंटर गार्ड इंटरनॅशनल' ही संस्था निघाली. पुढच्या वर्षापासून तिच्या अंतिम स्पर्धा भरू लागल्या. ओहायो राज्यातील डेटन हे शहर आता त्या स्पर्धांचे माहेरघर मानले जाते.

आज हायस्कूलचे कलर गार्ड म्हणजे कवायत, नृत्य आणि नाट्य यांचा मिलाफ. मुलींच्या हाती साडेपाच-सहा फुटांच्या काठीवर रेशमासारखे झुळझुळीत रंगीत कापड असते. काठीच्या दोन्ही टोकांना आत वजन घातलेले असते, म्हणजे ती तोल धरून गरगर फिरते. अनुभवी मुलींच्या हाती लाकडी बंदूक येते. ही खरी बंदूक नव्हे. छत्तीस-एकोणचाळीस इंचांचा, बंदुकीच्या आकाराचा लाकडी ठोकळा असतो आणि त्याला पट्टा लावलेला असतो. त्याहून तयारीच्या मुलींना बोथट धारेची तलवार मिळते. संगीताच्या ठेक्यावर ही साधने फिरवायची, वर फेकायची, हवेत चार-पाच गिरक्या घेऊ द्यायच्या आणि खाली येताना बरोबर ठोक्यावर झेलायची. पथकात मुली अधिक असतात, मुलगेही असतात.

त्याच नावाची दुसरी तुकडी राष्ट्रध्वज घेऊन चालते. तिच्यात सामान्यतः दोघे निशाण धरतात आणि दोघे बाजूला बंदुका घेऊन असतात. तिथे फेकाफेक नसते. राष्ट्रध्वज कोणा माणसासमोर झुकवायचा नाही, हा अमेरिकेच्या ध्वजसंहितेचा दंडक आहे. रंगीत कापड खेळवायचे आणि राष्ट्रध्वज मानाने न्यायचा, हा फरक मुलांना पहिल्याच दिवशी सांगितला जातो.

निवड आणि वर्षाचा क्रम

बहुतेक शाळांत वसंत ऋतूत निवड होते. त्याआधी काही दिवस सर्व इच्छुक मुलांना प्राथमिक हात शिकवितात. काठी कुठे धरायची, खांद्याशी कशी आणायची, आठ ठोक्यांत ती सारखी कशी फिरवायची, एवढेच. मग चाचणी. पुष्कळ शाळांत आधीचा अनुभव मागत नाहीत. मूल सांगितलेले ऐकते का, चुकल्यावर पुन्हा करून पाहते का, शेजारणीला मदत करते का, हे पाहतात. नाच शिकविणाऱ्या महागड्या वर्गात गेलेल्या मुलीलाच प्रवेश, असे ठरविले तर पथक श्रीमंतांचे होईल. ते या पद्धतीने काही प्रमाणात टळते.

उन्हाळ्याच्या शेवटी, शाळा उघडण्याच्या आधी, बँडसह मोठे सराव-शिबिर असते. शरद ऋतूत दर शुक्रवारी रात्री शाळेच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात प्रयोग आणि शनिवारी स्पर्धा. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत सभागृहातील हंगाम. म्हणजे जवळजवळ वर्षभराची बांधिलकी होते. ती मुलाने एकट्याने दिलेली नसते. रात्री उशिरा मुलाला घरी आणणाऱ्या आईबापांनीही ती दिलेली असते. म्हणूनच नियमपत्रावर पालकांची सही घेतात.

एक जागा रिकामी, तर सारे चित्र फाटके

सर्व नियमपत्रांत पहिला नियम हजेरीचा असतो. 'वेळेवर' या शब्दाचा अर्थ तिथे वेळेच्या थोडे आधी असा धरतात. सराव चार वाजता असेल, तर चार वाजता मूल बूट घालून, केस बांधून, काठी हाती घेऊन आपल्या जागी उभे हवे. चार वाजता फाटकातून आत शिरणे म्हणजे उशीर.

या कडकपणाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते. मुलांना शिकवितात, की दोन रेघांमधील अंतर बरोबर आठ पावलांत कापायचे. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे. उंच मुलाचेही तेवढेच आणि ठेंगण्या मुलीचेही तेवढेच. प्रत्येक मुलाजवळ एक छोटी वही असते. संगीताच्या अमुक ठोक्याला आपण कोणत्या रेघेपासून किती पावलांवर उभे असायचे, ते तिच्यात लिहिलेले असते. ती जागा त्या एकट्या मुलाची. त्याच्या जागी बदली उभा राहू शकत नाही. शेजारीण काठी वर फेकते, ती तू अमुक जागी असणार असे धरूनच. तू दोन पावले चुकलीस तर तिची काठी तुझ्या डोक्यावर येईल. एक मूल आले नाही तर उरलेल्या सर्वांचा सराव अर्धा वाया जातो.

हे मुलाला समजावून सांगितले, की हजेरी हा जुलूम वाटत नाही. 'माझ्यावाचून अडते' ही भावना ज्या मुलाला मिळते, ते मूल सहसा वाया जात नाही. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, कोणी नाव न विचारणाऱ्या मुलाला पथकात प्रथमच कळते, की आपली एक जागा आहे आणि ती दुसरा कोणी भरू शकत नाही. पथकाचे खरे शिक्षण आम्हांला इथे दिसते.

रजेचे नियमही स्पष्ट असतात. आजारपण, घरातील मृत्यू, धार्मिक दिवस आणि शाळेची परीक्षा ही कारणे मान्य. मात्र आधी कळवायचे. 'मैत्रिणीचा वाढदिवस' हे कारण चालत नाही. स्पर्धेपूर्वीचा सराव चुकविला, तर त्या खेपेस बाहेर बसावे लागते. बाहेर बसलेल्या मुलानेही पथकाबरोबर जायचे, पाण्याच्या बाटल्या आणि साधने वाहायची, इतरांना धीर द्यायचा.

केस, कपडे आणि एक अवघड प्रश्न

गणवेशाच्या बाबतीत नियम बारीक असतात. केस घट्ट मागे बांधून अंबाडा घालायचा. कानांत, नाकात, गळ्यात काही नको. नखे आखूड ठेवायची. च्युइंग गम तोंडात नको. गणवेशावर पाण्याखेरीज काही खायचे-प्यायचे नाही. गणवेश घालून बाजारात भटकायचे नाही. बंदूक झेलणाऱ्यांनी हातमोजे घालायचे.

यातील बहुतेक नियमांना कारण आहे. काठी फिरताना डूल अडकला तर कान फाटतो. सुटलेली वेणी डोळ्यांवर आली तर वरून येणारी बंदूक दिसत नाही. गम घशात अडकू शकते. कारण सांगता येणारा नियम मुलाला पटतो, हे इथे शिकण्यासारखे.

पण 'सर्वजणी सारख्या दिसल्या पाहिजेत' हा नियम जेव्हा येतो, तेव्हा विचारावे लागते : सारख्या म्हणजे कोणासारख्या? गोऱ्या मुलीचे सरळ केस मागे ओढले की चापूनचोपून बसतात. आफ्रिकन वंशाच्या मुलीचे दाट कुरळे केस तसे बसत नाहीत. तिने ते तसे बसवावेत म्हणून औषधे लावून, तापवून सरळ करायचे काय? तिच्या आजीने घालून दिलेल्या बारीक वेण्या 'अव्यवस्थित' कशा ठरतात? या भेदाविरुद्ध कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदा केला. नैसर्गिक केस वा वेण्या यांवरून शाळेत किंवा नोकरीत कोणाला दूर ठेवता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यानंतर इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले.

तीच गोष्ट अंगाला चिकटणाऱ्या 'त्वचेच्या रंगाच्या' कपड्यांची. दुकानात त्या नावाने पूर्वापार विकला जाणारा रंग गोऱ्या कातडीचा. काळ्या-सावळ्या मुलीने तो घातला की ती वेगळीच उठून दिसते आणि दोष मात्र तिच्या रंगाला लागतो. समंजस शिक्षक प्रत्येकीच्या वर्णाशी जुळणारे कापड मागवितात. एकसारखेपणा आणि समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या वाचकांना अधिक सांगायला नको. एकसारखेपणात सर्वांना एकाच साच्यात दाबतात. समतेत प्रत्येकाला त्याच्या अंगाला येईल असा मानाचा पोशाख मिळतो.

हातातून पडले तर

हवेत फेकलेली काठी कधी ना कधी पडतेच. जगातील उत्तम पथकांचीही पडते. म्हणून पडल्यावर काय करायचे, हाही नियमांचा भाग असतो. चेहरा पाडायचा नाही. जीभ बाहेर काढायची नाही. शेजारणीकडे रागाने पाहायचे नाही. साधन जवळ असेल तर ठोक्यावर वाकून उचलायचे आणि पुढच्या हालचालीत मिसळून जायचे. ते दुसऱ्याच्या वाटेत घरंगळले असेल तर त्याच्या मागे धावायचे नाही, कारण धावणाऱ्याला दुसऱ्याची काठी लागेल. मैदानाच्या कडेला जादा साधने ठेवलेली असतात. तिथून दुसरे घ्यायचे, नाहीतर रिकाम्या हातांनी त्याच हालचाली करीत राहायचे.

परीक्षेत एक प्रश्न चुकला म्हणून सारा पेपर सोडून रडत बसणारी मुले आपण पाहतो. चूक झाली तरी पुढचा ठोका चुकवायचा नाही, ही सवय लहानपणी अंगी लागली तर ती जन्मभर कामाला येते.

अभ्यास आधी

टेक्सास राज्याने १९८४ साली एक कायदा केला. लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'पास नाही तर खेळ नाही' असे पडले. विषयात ७० गुण नसतील तर मुलाला खेळ, बँड, कलर गार्ड अशा उपक्रमांच्या स्पर्धांत उतरता येत नाही. काही आठवड्यांनी गुण सुधारले की पुन्हा संधी मिळते. त्यावर वाद पुष्कळ झाला. पथकाच्या ओढीनेच जी मुले शाळेत टिकतात, त्यांना पथकातून काढले तर ती शाळाच सोडतील, असे काहींचे म्हणणे होते. ते खोटे नाही. म्हणून चांगली पथके सरावाच्या आधी अभ्यासाचा तास ठेवतात आणि वरच्या वर्गातील मुली खालच्यांना गणित शिकवितात.

त्याच राज्यात दुसरेही बंधन आहे. शाळेच्या आठवड्यात शाळेच्या वेळेबाहेर एका उपक्रमाचा सराव आठ तासांहून अधिक घेता येत नाही. हा नियम मुलावर नाही, शिक्षकावर आहे. पथकासाठी मुलाचा किती वेळ घ्यायचा याला मर्यादा घालणारा कायदा असावा, ही गोष्ट आपल्याकडील शाळांनीही ध्यानी घेण्यासारखी आहे.

शिस्त कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो

पथकात कप्तान असतात. बहुधा त्या वरच्या वर्गातील अनुभवी मुली. नव्या मुलींना हात शिकविणे, हजेरी घेणे, साधने मोजणे ही त्यांची कामे. अधिकार आला की तो गाजविण्याचा मोहही येतो. 'आम्ही सोसले, आता तुम्ही सोसा' ही वृत्ती जगभरच्या वसतिगृहांत, पथकांत आणि कारखान्यांत आढळते.

तिचे टोक काय असते, ते फ्लॉरिडात दिसले. तेथील एका प्रसिद्ध विद्यापीठाच्या बँडमधील तरुण पथकनायक नोव्हेंबर २०११ मध्ये ऑर्लँडो शहरात मरण पावला. सामना संपल्यावर बसमध्ये सहकाऱ्यांनीच 'रिवाज' म्हणून त्याला मारहाण केली होती. मुलांवर खटले झाले आणि तो नामांकित बँड २०१३ पर्यंत बंद राहिला. ही घटना महाविद्यालयीन मुलांची, हायस्कूलची नव्हे. पण अशा रिवाजांचे बी हायस्कुलातच पडते. म्हणून आज शाळांच्या नियमपत्रांत स्पष्ट लिहिलेले असते, की नव्या मुलांची थट्टा, मारहाण, जबरदस्तीने काही खायला-प्यायला लावणे, अपमान होईल असे काम देणे हे सर्व बंद. आणि मुलाने 'माझी हरकत नाही' म्हटले तरी बंद.

लहान गोष्टींतही हे पाहावे लागते. सभागृहाच्या फरशीवर अंथरायचे ताडपत्रीसारखे प्रचंड कापड असते. ते घडी घालून वाहून नेणे म्हणजे दहा-वीस जणांचे काम. चांगल्या पथकात ते सर्वजण उचलतात, कप्तानसुद्धा. सामान गाडीत चढेपर्यंत कोणी घरी जात नाही. जिथे ओझी वाहणे आणि झाडणे फक्त नव्यांच्या, गरिबांच्या किंवा ठरावीक मुलांच्या वाट्याला येते, तिथे शिस्तीच्या नावाखाली दुसरेच काही चालले आहे, असे समजावे. कोणाच्या हाती झाडू आणि कोणाच्या हाती निशाण, हा प्रश्न आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या अनुभवला आहे.

पैशाचा प्रश्न, आणि एका पालकाने दिलेला लढा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गणवेश, बूट, हातमोजे, कापड, प्रवास आणि शिकविणाऱ्याचे मानधन मिळून एका हंगामाचा खर्च अनेक शाळांत मुलामागे शेकडो डॉलरांवर जातो. पालकांचे साहाय्यक मंडळ मोटारी धुऊन, खाद्यपदार्थ विकून निधी जमविते. तरीही वर्गणी मागितली जाते. दुकानात उभे राहून काम करणाऱ्या, इतरांची घरे साफ करणाऱ्या आईने ती कोठून आणायची?

कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे हा प्रश्न न्यायालयात गेला. १९७८ साली मालमत्ता करावर मर्यादा आल्याने शाळांचे पैसे कमी झाले. तेथील हायस्कूल जिल्ह्याने खेळ, नाटक, गायन, वादन अशा उपक्रमांसाठी प्रत्येकी २५ डॉलर फी लावली. गरीब मुलांना अर्ज केल्यावर फी माफ होईल, अशी सोय ठेवली होती. बार्बरा हार्टझेल या पालक महिलेने आणि फीविरोधी पालकांच्या संघटनेने दावा लावला. १९८४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की राज्यघटनेने मोफत शाळेची हमी दिली आहे. नाटक, संगीत आणि खेळ हे शिक्षणाचेच अंग आहे. म्हणून त्यात भाग घेण्यासाठी फी घेता येणार नाही.

आणि फीमाफीचे काय? 'गरिबांना आम्ही सवलत देतोच' या युक्तिवादावर न्यायालयाने म्हटले, की सवलत असली तरी फी वैध ठरत नाही. मोफत शिक्षण हा सर्वांचा हक्क आहे, गरज सिद्ध केल्यावर मिळणारी मेहरबानी नव्हे. काही मुलांची 'गरजू' म्हणून वेगळी नोंद केली की त्यांच्यावर कलंक बसतो, याचीही न्यायालयाने दखल घेतली.

वाचकहो, हे वाचून आपल्या डोळ्यांपुढे काय येते? भर वर्गात 'सवलतीची मुले उभी राहा' असे सांगितल्यावर मान खाली घालून उभी राहणारी पोरे. फी माफ झाल्याच्या आनंदापेक्षा ते उभे राहणे आयुष्यभर सलते. सात समुद्रांपलीकडच्या न्यायाधीशांना ते सलणे कळले, कारण एक आई गप्प बसली नाही.

निकालानंतरही वर्गण्या थांबल्या नाहीत. त्यांना 'ऐच्छिक देणगी' असे नाव मिळाले. म्हणून २०१२ साली राज्याने वेगळा कायदा केला. उपक्रमाला लागणारे साहित्य आणि साधने शाळेनेच द्यायची. देणगी मागता येईल, पण न देणाऱ्या मुलाला मागे ठेवता येणार नाही. पुराव्यासह निनावी तक्रारही करता येईल. निनावी तक्रारीची सोय महत्त्वाची आहे, कारण तक्रार करणाऱ्या पालकाच्या मुलावर राग काढला जाईल, ही भीती सर्वत्र सारखीच. मात्र हा कायदा त्या एका राज्याचा आहे. अमेरिकेच्या सर्व राज्यांत तसे नाही आणि पुष्कळ ठिकाणी वर्गणी राजरोस घेतली जाते.

निशाण आणि मन

निशाणाच्या पथकाविषयी लिहिताना आणखी एका निकालाची आठवण ठेवली पाहिजे. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात राष्ट्रध्वजाला सलामी देणे शाळेत सक्तीचे होते. 'जेहोवाज विटनेसेस' या पंथाच्या मुलांनी धर्मश्रद्धेमुळे ती दिली नाही, म्हणून त्यांना शाळेतून काढले. १९४० साली अशाच एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या बाजूने कौल दिला होता. तीनच वर्षांनी, १४ जून १९४३ रोजी, महायुद्ध चालू असतानाही, त्याच न्यायालयाने तो फिरविला आणि सलामीची सक्ती शाळेला करता येणार नाही असे ठरविले. निशाणाचा मान मनातून यावा लागतो. जे मूल समजून-उमजून निशाण हाती घेते, त्याचाच हात सरावात दुखला तरी खाली येत नाही. नववर्षदिनी पॅसाडेना शहरातील मिरवणुकीत या मुली साडेपाच मैल निशाण फिरवीत चालतात, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर. धाकाने एवढे चालवत नाही.

पालकांनी विचारावयाचे प्रश्न

मुलाला कोणत्याही पथकात घालताना, ते लेझीमचे असो, कवायतीचे असो, बँडचे वा स्काऊट-गाईडचे असो, पुढील गोष्टी शिक्षकांना नम्रपणे पण ठामपणे विचाराव्यात.

१. नियम लेखी आहेत काय? ते सर्वांना सारखे लागू आहेत काय?

२. सराव किती वाजता संपेल? उशीर झाल्यास मुलींना घरी कोण पोहोचविणार? उन्हात पाण्याची आणि विश्रांतीची सोय काय?

३. गणवेशाचा खर्च कोण करणार? पैसे नसल्यास मुलाचे नाव चारचौघांत घेतले जाईल काय?

४. चूक झाल्यास शिक्षा कोणती? ती कोण देणार? मोठी मुले लहानांना शिक्षा देतात काय?

५. झाडणे, उचलणे, वाहणे ही कामे आळीपाळीने सर्वांना आहेत काय? निशाण धरण्याची संधीही आळीपाळीने सर्वांना मिळते काय?

६. तक्रार कोणाकडे करायची?

हे प्रश्न विचारले म्हणून शिक्षकांनी राग मानू नये. जो शिक्षक मुलांवर मेहनत घेतो, त्याच्याकडे या सर्वांची उत्तरे तयार असतात. आणि पालकांनीही आपली बाजू सांभाळावी. मुलाला वेळेवर पाठवावे. सरावाच्या दिवशी घरचे काम त्याच्या अंगावर टाकू नये, विशेषतः मुलीच्या. धुणीभांडी राहिली म्हणून मुलीचा सराव बुडतो आणि मुलाचा कधी बुडत नाही, ही गोष्ट पुष्कळ घरांत आजही खरी आहे. 'पोरीने काठ्या फिरवून काय मिळणार' असे म्हणणाऱ्या आजोबांना एकदा मैदानावर घेऊन जावे. नात रांगेत उभी राहिलेली पाहिली की पुढच्या वेळी तेच सर्वांच्या आधी निघतील.

शिस्त मुलाला ताठ उभे राहायला शिकविते. ज्या नियमाने मुलाची मान वर होते, तो घरातही पाळावा. ज्या नियमाने त्याची मान विनाकारण खाली जाते, त्याचे कारण शाळेत जाऊन विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.